धुतली आणि आटली

पौष महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही कल्याण पूर्वेच्या आमच्या घरी पेपर वाचत बसलो होतो. दारात बचत गटाच्या तिघीजणी येऊन उभ्या राहिल्या. जयभीम झाला, पाणी झाले, पण बसायला कोणी तयार होईना. शेवटी आमच्या आत्याने हातातल्या पिशवीतून एक वस्तू ओढून काढली आणि आमच्या पुढ्यात टाकली. वर साडीचे कापड होते, पण ते सुरकुत्यांनी गोळा झालेले. आत जागोजाग गठ्ठे. वाकवायला जावे तर जाड पुठ्ठ्यासारखी ताठ.

"ओळखलीस का?" आत्या म्हणाली. "आपलीच गोधडी. सात फुटांची दिली होती, पाच फुटांची होऊन परत आलीय. आणि बाई पैसे मागतीय."

प्रकरण असे होते. आमच्या वस्तीत दहा बायकांचा बचत गट आहे. त्याचा जमाखर्च आम्ही लिहितो. बी.कॉम. झाल्याचा उपयोग कचेरीत झाला नाही तेवढा या वहीत झाला, असे आमच्या सौ.चे मत आहे. गटातल्या दोघी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जातात, चौघी घरकाम करतात, बाकीच्या घरी असतात. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून विकायच्या, ही कल्पना आत्याची. वरच्या-खालच्या साड्या घरच्या, ठिगळांसाठी उल्हासनगरच्या बाजारात किलोवर मिळणारे कापडाचे तुकडे. प्रश्न होता आत काय भरायचे याचा. कापूस घ्यावा तर तो महाग, शिवाय पिंजणावळ वेगळी. दुकानात ते पांढरेशुभ्र फायबर मिळते, पण तो शेवटी प्लॅस्टिकचाच धागा. आपल्या हवेत अंगाला घाम फुटतो आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतो.

तेव्हा गटातल्या मुरबाडकडच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या भावाच्या शेतात दरसाल धनगरांचा वाडा बसतो. लोकर फुकट नेता का म्हणून ते लोक विचारतात."

यात अतिशयोक्ती काही नाही. पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घाट उतरून मुरबाड, शहापूर, कर्जतच्या बाजूला येतात. शेतकरी लेंडीखतासाठी त्यांना शेतात बसवतात आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. मेंढ्या दख्खनी जातीच्या. त्यांची लोकर काळी-करडी आणि राठ असते. ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या घरातला, तर आपल्या दख्खनीचा त्याच्या दुपटीच्या आसपास. स्वेटरला ही चालत नाही, घोंगडीला चालते. आणि घोंगडीचे गिऱ्हाईक आटले तशी लोकरीची किंमतही आटली. कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून कित्येक ठिकाणी ती बांधावर टाकून देतात. एका मेंढीची वर्षाची लोकर सारी मिळून अर्धा-पाऊण किलो. एका माणसाच्या गोधडीला दीड किलो तरी लागते, म्हणजे दोन-तीन मेंढ्यांची वर्षभराची वाढ.

वहिनींनी एसटीने दोन पोती आणली. कंडक्टरने लगेजचे तिकीट फाडले, तेही आम्ही वहीत लिहिले.

पोती उघडली तेव्हा चाळीत जो वास सुटला तो आम्ही विसरणार नाही. आणि आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जे एरवी कशातच बोलत नाहीत, ते उठून बाहेर आले. म्हणाले, "माझ्या बापाच्या खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी असायची. पाटलाच्या दारात हाक आली की त्याच घोंगड्यात रात्रीबेरात्री पळायचं. ते घोंगडं टाकून आम्ही मुंबईला आलो. तुम्ही ते परत घरात आणता?"

कोणाला काही सुचेना. आम्हालाही नाही. आमच्या आजोबांच्या आठवणीही याच आहेत. पण आत्या माणदेशातली. ती शांतपणे म्हणाली, "घोंगड्याची काय चूक? वेठ लावणाऱ्याची चूक. थंडीत त्यानंच तुमच्या बापाला जगवलं." मामा आत गेले. पुढे तीन दिवस ते या विषयावर बोलले नाहीत, पण चौथ्या दिवशी लोकर वाळत घातली होती तिथे काठी घेऊन कावळे हाकलत बसलेले आम्ही पाहिले.

लोकर धुण्याचे काम आत्याच्या हाताखाली झाले आणि ते तिने उत्तम केले, हे आधी सांगून टाकतो, कारण दोष त्यात नव्हता. कच्च्या लोकरीत माती, काटेकुसळे, मेंढीचा वाळलेला घाम आणि अंगचे तेलकट मेण असते. दख्खनी लोकरीत हे मेण कमी असते, तरी असतेच. ते थंड पाण्याने सुटत नाही. म्हणून आधी लोकर हाताने उसवून काटे, लेंड्या झाडून काढायच्या. मग एक रात्र साध्या पाण्यात भिजत ठेवायची, निम्मी घाण आणि घाम तिथेच जातो. दुसऱ्या दिवशी हात जेमतेम बुडवता येईल इतके गरम पाणी मोठ्या घमेल्यात घ्यायचे, त्यात रिठ्याचा फेस किंवा शांपूसारखा सौम्य साबण आधी विरघळवायचा आणि मग लोकर वरून अलगद बुडवायची. बुडवायची आणि सोडून द्यायची. ढवळायची नाही, चोळायची नाही, वरून नळाची धार सोडायची नाही. वीस मिनिटांनी, पाणी निवायच्या आत, उचलून तितक्याच गरम साध्या पाण्यात टाकायची. असे दोन-तीन वेळा. पाणी निवू दिले तर सुटलेले मेण परत लोकरीवर बसते. गरमातून एकदम थंडात टाकली तर ती दचकते, असे आत्याचे म्हणणे. मग पिळायची नाही, दोन हातांत दाबून पाणी काढायचे आणि सावलीत जाळीवर पसरायची.

हे सगळे नखरे कशासाठी, असे आम्ही विचारले तेव्हा आत्या म्हणाली, "तुझं डोकं धुताना तू केस दगडावर आपटतोस का?" उत्तर अगदी बरोबर आहे. लोकर म्हणजे केसच. त्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, माशाच्या अंगावर असतात तसे, सगळे एकाच दिशेने. उष्णता, ओल आणि घासणे ही तिन्ही एकत्र आली की तंतू एकमेकांवर सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. दाट, दाट होत जातात. यालाच नमदा बसणे म्हणतात. नमदा मुद्दाम करायचा असेल तर हीच रीत. पण एकदा बसला की जगातली कोणतीही शक्ती तो उसवू शकत नाही. धुण्याचा सोडा आणि सोड्याची पावडर या गोष्टीला आणखी मदत करतात व तंतूही कमजोर करतात. ब्लीचिंग तर लोकरीला अक्षरशः विरघळवते. डाग खाणारी एंझाइमची पावडरही नको. तिचे कामच मुळी रक्त, अंडे, दूध असे प्रथिनांचे डाग तोडणे, आणि लोकरही प्रथिनच.

धुतलेली लोकर विंचरायला मात्र हाल झाले. स्टेशनजवळच्या पिंजाऱ्याकडे नेली तर त्याने हात जोडले. त्याचे मशीन कापसाचे, लांब तंतू त्यात गुंडाळला जातो. पूर्वी धनुकली घेऊन गल्लीत टणत्कार करीत फिरणारे पिंजारी आता आपल्या भागात दिसत नाहीत. शेवटी गटातल्या बायकांनी कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश आणले आणि संध्याकाळी मालिका बघता बघता दोन पोती विंचरली. त्या कामाचे तास आम्ही वहीत धरले नव्हते. ही आमची पहिली चूक.

शिवण्यात एक अडचण आली ती सांगण्यासारखी आहे. राठ लोकर जुन्या मऊ साडीतून बाहेर डोकावते आणि अंगाला टोचते. म्हणून आत्याने लोकरीला दोन्ही बाजूंनी मांजरपाटाचे अस्तर घातले. मांजरपाट आधी धुऊन आटवून घेतला. कापडाचे आटणे तिला ठाऊक होते, लोकरीचेही ठाऊक होते, गिऱ्हाईकाला ठाऊक नसेल हे कोणालाच सुचले नाही. धावदोऱ्याच्या रांगा तीन-तीन बोटांवर घातल्या, नाहीतर लोकर घसरून कोपऱ्यात जाते. एका गोधडीला अठरा दिवस लागले. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतल्या बाईंनी चार गोधड्या घेतल्या, प्रत्येकी बावीसशे रुपये. गटाच्या इतिहासात एवढी रक्कम एका दिवसात कधी आली नव्हती. आत्याने त्या दिवशी सगळ्यांना जिलबी आणली.

सहा आठवड्यांनी ती जिलबी अशी फिरली. त्या बाईंनी गोधडी मशीनमध्ये टाकली, गरम पाण्यावर, भरपूर पावडर घालून, जसे चादरीला करतात. आमच्या मते त्यांचा दोष काडीचाही नाही. त्यांच्याशी फोनवर बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, गोधडी म्हटल्यावर धुवायचीच ना?" खरेच आहे. आपल्या बायका गोधडी नदीवर नेऊन धोपटण्याने बडवून धूत आल्या आहेत, ती सुती असते म्हणून सोसते. आणि घोंगडी? ती माणदेशात कोणी धूत नाही. उन्हात टाकतात, झटकतात, झाले. चिंचोक्याची खळ असते तिच्यात, धुतली तर ताठपणाही जातो. आपण दोन्ही एकत्र शिवले आणि रूप गोधडीचे दिले. रूप पाहून माणूस वागतो.

गटाच्या बैठकीत पैशावरून वाद झाला. एकीचे म्हणणे, ज्या बाईने शिवली तिच्या हिश्शातून कापा. दुसरीचे म्हणणे, पैसे परत देऊच नका, वापरणाऱ्याने बिघडवली. ज्या ताईने ती गोधडी शिवली ती मान खाली घालून बसली होती. तिचा नवरा दोन वर्षे घरी आहे आणि ते आठशे रुपये तिने मुलीच्या क्लासला भरूनही टाकले होते. आम्ही सांगितले की पैसे परत द्यायचे आणि गटाच्या शिल्लकेतून द्यायचे, कारण सूचना न देणे ही चूक गटाची, त्यातही हिशेबनिसाची. जमाखर्चात ती रक्कम आम्ही 'शिकण्याचा खर्च' या नावाने लिहिली. अध्यक्षबाईंनी विचारले, असे खाते कॉलेजात शिकवतात का? शिकवत नाहीत.

त्या रात्री आम्ही विनयपिटक चाळले, कारण लोकरीचा उल्लेख तिथे कुठेतरी वाचल्याचे आठवत होते. भिक्खूंच्या निस्सग्गिय पाचित्तिय नियमांत लोकरीवर चांगले सात नियम आहेत. संथत म्हणजे न विणता, तंतू पसरून व दाबून केलेले आसन. ते निव्वळ काळ्या लोकरीचे करू नये, केलेले सहा वर्षे वापरावे, नवे करताना जुन्याचा वीतभर तुकडा त्यात घालावा, असे ते नियम. आपल्या बायका नव्या गोधडीत आजीच्या लुगड्याचा तुकडा घालतात, त्याची आम्हाला आठवण झाली. पण आम्ही थबकलो ते सतराव्या नियमावर. नात्यात नसलेल्या भिक्खुनीकडून लोकर धुऊन, रंगवून, विंचरून घेऊ नये. कारणही दिले आहे. काही भिक्खू हे काम भिक्खुनींवर टाकीत आणि त्यांचा अभ्यास, पाठ, साधना मागे पडे. महाप्रजापती गोतमींनी ही गोष्ट भगवंतांच्या कानावर घातली, त्यातून नियम झाला. लोकर धुणे-विंचरणे किती वेळ खाते आणि कोणाचा खाते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मोजले होते. आम्ही वहीत ते मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी विंचरण्याचे तास अंदाजाने धरले तेव्हा कळले की बावीसशेला गोधडी विकून बायकांना तासाला पडले ते नाक्यावरच्या बिगारीपेक्षा कमी. आता दर अठ्ठावीसशे केला आहे. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती दोघींना वाटते. वाटो.

ज्या ठाण्यात ही गोधडी आटली ते लोकरीचेच शहर, हीही एक गंमत. १९२५ साली सुरू झालेली लोकरीची छोटी गिरणी पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली. १९४४ साली सिंघानियांनी ती घेतली तेव्हा तिथे मुख्यतः जाडीभरडी ब्लँकेटे निघत. ठाण्यातली गिरणी २००९ च्या सुमारास बंद झाली आणि आता त्या जागेवर टॉवर उभे राहिले आहेत. लोकरीवर संशोधन करणारी वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६३ सालापासून ठाण्यातच, कोलशेत रोडला आहे. म्हणजे लोकरीचे ज्ञान आपल्या लोकलच्या अंतरावर आहे. आपल्या चाळीत ते माणदेशच्या एका न शिकलेल्या बाईच्या हातात होते, हेही तितकेच खरे.

आता गटाने जे ठरवले ते सांगतो, घरी अशी गोधडी करणाऱ्या भगिनींना उपयोगी पडेल. लोकरीची गोधडी उघडी द्यायचीच नाही. तिला साडीची खोळ शिवायची, तीन बाजू बंद, एका बाजूला नाड्या. खोळ दर आठवड्याला हवी तशी धुवा, आपटा, मशीनमध्ये घाला. आतली गोधडी महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात टाकून झटकली की पुरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, म्हणूनच तिला वारा आणि ऊन द्यावे लागते. पावसाळ्यात आपल्या खाडीकाठच्या दमट खोल्यांत ती कपाटात कोंबली तर कुबट वास येणारच. सांडले-लवंडले तर तेवढाच भाग थंड पाण्याच्या फडक्याने टिपायचा.

वर्षातून एकदा धुवायचीच असेल तर मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी. मोठ्या टबात गार किंवा जेमतेम कोमट पाणी, त्यात ईझीसारखे लोकरीचे द्रव किंवा रिठे. गोधडी घडी घालून बुडवायची, तळहातांनी दाबायची, दहा मिनिटांत काढायची. पायांनी तुडवायची नाही, अनेकींना तीच सवय असते. दोन वेळा साध्या पाण्यातून काढून जुन्या चादरीत गुंडाळून दाबायची, चादर पाणी ओढते. मग बाजेवर किंवा दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरायची. एका दोरीवर लोंबकळवली तर ओल्या लोकरीच्या वजनाने खालचे टोक फुगते. ओली असताना मेंढीचा वास येतो, वाळली की जातो, घाबरू नये. आणि ठेवताना स्वच्छ ठेवावी. कसर लागते ती घामट, डागाळलेल्या लोकरीला आधी. वाळलेला कडुनिंब किंवा डांबरगोळ्या घालाव्यात, पण अधूनमधून उघडून झटकणे हा त्याहून खात्रीचा उपाय.

आणि एक गोष्ट आम्ही गटात आग्रहाने मांडली. लहान बाळाच्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या, किंवा घरात खरूज असेल त्याच्या गोधडीत लोकर घालू नये. तिथे कढत पाणी लागते, आणि कढत पाणी सोसतो तो कापूस. लोकर फुकट मिळाली म्हणून सगळीकडे वापरायची असे नव्हे. पण बदलापूर, टिटवाळ्याच्या बाजूला पहाटे थंडी झोंबते, रात्रपाळीहून येऊन फरशीवर निजणारी आपली माणसे आहेत, त्यांना हिच्यासारखी ऊब नाही. शिवाय लोकर पेट घेत नाही सहसा, ठिणगी पडली तर केस जळल्याचा वास येतो आणि विझते. स्टोव्ह आणि अंथरूण एकाच खोलीत असलेल्या घरांना ही लहान गोष्ट नाही. दुकानदार लोकर म्हणून काही विकत असेल तर दोन तंतू ओढून काडी लावून पाहा. गोळी होऊन वितळले तर पैसे देऊ नका.

प्रत्येक गोधडीला आता एक कापडी चिठ्ठी शिवतो. मजकूर आम्ही लिहिला होता सात ओळींचा. आत्याने तो वाचून घेतला आणि म्हणाली, एवढं कोण वाचतंय. मग तिने सांगितले तशी चित्रे गटातल्या एका मुलीने काढली: मशीनवर फुली, वाफेवर फुली, पिळणाऱ्या हातांवर फुली, आणि एक हसरा सूर्य. खाली एकच ओळ, 'आत लोकर आहे, खोळ धुवा.'

ती आटलेली गोधडी टाकली नाही. आत्याने शिवण उसवून कापड वेगळे केले, आतल्या नमद्याचे जुळवून सहा चौकोन कापले आणि काठाला साडीची पट्टी लावली. बसायला इतके छान झाले की दोन तिथेच खपले. एक मामांनी मागून घेतले. रोज संध्याकाळी ते ओट्यावर टाकून त्यावर बसतात, आणि त्यावर कोणी चहा सांडला तर ओरडतात.